सोलापूरचं सोळावं गाव

सोलापूरहून परत आल्यावर देवरूखच्या आमच्या वाचनालयात मला पहिला प्रश्न आला, चादर आणली का. दुसरा आला, ऊन किती होतं. तिसरा कोणी विचारला नाही. मी तिथे बरीच वर्षं ग्रंथपाल होतो. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची खोड मला तिथेच लागली, आणि ती माझ्याबरोबर निवृत्त झाली नाही. म्हणून हे लिहितो आहे. लिहायला दोन महिने लागले, कारण हल्ली एक वाक्य लिहिलं की मी ते वाचून दाखवायला मान वर करतो, आणि समोरची खुर्ची रिकामी असते.

सोलापूर ही माझी सासुरवाडी. माझी पत्नी सुवर्णा तिथल्या बाळीवेशीतली. ती गेली त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्ध आटोपलं आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, नंदाचा, फोन आला. "दाजी, चार दिवस या की. ताई न्हाई म्हणून सोलापूर काय बंद झालंय का?"

गेलो.

पण आधी गावाच्या नावाचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी फजिती त्यावरच उभी आहे. सोलापुरात कोणालाही विचारा, तो सांगेल की सोळा गावं मिळून हे शहर झालं, म्हणून सोलापूर. पुस्तकं वाचणारे म्हणतात की तसं काही नाही. जुनं नाव सोन्नलगी, त्याचं सोन्नलापूर, आणि लोकांच्या तोंडी झिजून सोलापूर. सोळा गावांची यादीही सापडते. आदिलपूर, फत्तेपूर, चपळदेव, जामदारवाडी अशी छान खणखणीत नावं आहेत तिच्यात. फक्त मोजायला गेलं तर सोळांमध्ये एक नाव सोलापूर असंच आहे. म्हणजे पोरगी स्वतःच्या बारशाला पाहुणी म्हणून आली आणि घुगऱ्या खाऊन गेली.

सुवर्णाच्या माहेरी या सोळा गावांची एक रीत होती. लग्न लागून नवरा-नवरी घरात शिरताना मेव्हणी दारात हात आडवा धरून उभी राहायची. आतून सासूबाई पंधरा गावांची नावं एका चालीवर म्हणायच्या आणि थांबायच्या. मग मेव्हणी विचारायची, "सोळावं कुठलं?" जावयाने ते सांगितलं की हात बाजूला.

मी तेव्हा नुकताच ग्रंथपाल झालो होतो. डोक्याला मुंडावळ्या, अंगावर उपरणं, मागे वरात, आणि मे महिन्याचं ऊन. नंदाने विचारलं, आणि मी उत्तर दिलं की मुळात सोळा गावं नव्हतीच. मग सोन्नलगीपासून सुरुवात केली. यादीतल्या सोलापूरपर्यंत आलो तेव्हा बँडवाले सावलीला जाऊन बसले होते. शेवटी सुवर्णाने शेल्याची गाठ अशी ओढली की मी नंदाच्या हाताखालून वाकून आत गेलो. लग्नात मी केलेला तेवढाच एक नमस्कार सगळ्यांना आवडला.

त्यानंतर चौतीस वर्षं मी त्या घरी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा नंदाने दार अडवलं. घर बदललं, दार बदललं, तिचे केस पांढरे झाले, हात तोच. "सोळावं कुठलं?" मी म्हणायचो, "नव्हतंच." सुवर्णा माझ्या मागून म्हणायची, "सोड गं त्यांना, पुस्तकाचं पान हाय ते." आणि नंदा हसत हात काढायची. दर वेळी मी हाताखालून वाकून आत गेलो आणि दर वेळी मीच बरोबर होतो.

दाराशी

नंदा आता जुळे सोलापुरात राहते. हा शहराचा नवा भाग, फ्लॅटचा आणि दुचाकींचा. जुळं म्हणजे एका वेळी जन्मलेलं, असं आमच्याकडे समजतात. इथे एक भाऊ शतकानुशतकं धूळ खात वाट बघत बसला, मग दुसरा पार्किंगसकट जन्माला आला.

मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. नंदा पदराला हात पुसत पुढे आली, माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "या. बसा. पाणी आणते."

बस, एवढंच. मी उंबऱ्यात क्षणभर थांबलो. माझी मान सवयीने वाकली होती, आणि वर काही नव्हतं.

पाणी प्यालो. पंख्याखाली बसलो. तिने चांगल्या कपबशीतून चहा दिला. त्या घरात मला आजवर कधी चांगली कपबशी मिळाली नव्हती, मला कान तुटलेला मोठा कप मिळायचा. जिथे अडवत नाहीत तिथे आपण पाहुणे असतो, हे मला त्या कपबशीने सांगितलं. जावई हे नातं बायकोच्या नावावर असतं. ती गेली की ते कोणाकडे राहतं, याचा खुलासा मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही.

जेवायला कडक भाकरी होती. ही ज्वारीची भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, आठवडे टिकते. आमच्याकडची तांदळाची भाकरी दुपारची संध्याकाळी रुसते. सोबत शेंगाची चटणी आणि दही. कोकणात आम्ही नारळाशिवाय स्वयंपाक करत नाही आणि इथे शेंगदाण्याशिवाय विचारही करत नाहीत. मी भाकरी मोडली तर निम्मा तुकडा मल्लिनाथरावांच्या ताटात उडाला.

मल्लिनाथराव म्हणजे नंदाचे यजमान, माझे साडू. रेल्वेत होते, मूळचे होटगीचे, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरचे. त्यांच्या बोलण्यात अजूनही प्रत्येक वाक्य फलाटावर थांबून मग सुटतं. मी त्यांना सहज म्हणून विचारलं, "सोळावं गाव कुठलं असेल हो?"

"होटगी," ते म्हणाले. ताटातून मानही वर केली नाही.

"होटगी त्या यादीत कशी येईल? ती इतकी लांब."

"लांब कुठं? दुसरंच स्टेशन हाय की."

मध्ययुगातल्या गावांचं अंतर स्टेशनांवर मोजण्याची ही पद्धत मला नवी होती. नंदा भाकरी वाढत होती. तिने चटणी माझ्यापुढे सरकवली. एरवी ती या विषयावर माझी सालं काढायची.

त्या दुपारी मी ठरवलं की सोळावं गाव शोधायचं. पुराव्यासह. आयुष्यभर नाही म्हटलं ते आता आहे म्हणून हजर करायचं, आणि नंदाने निदान एकदा हात आडवा धरावा अशी व्यवस्था करायची. माणसाला परत आत घ्यायचं असेल तर आधी अडवावं लागतं.

किल्ल्यात

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. रिक्षावाला भीमराव, करकंबचा. शेती भावाकडे, आपण शहरात. मी किल्ल्यावर जायचं म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"किल्ल्यात काय बघायचंय आता? बागंत पोरं-पोरी बसत्यात."

"इतिहास बघायचाय. सोळा गावं होती म्हणतात, त्यांतलं सोळावं मिळत नाही."

"सोळावं? करकंब की."

"करकंब पंढरपूर तालुक्यात ना? इथून दोन तास."

"आता दोन तास. तवा रस्ते बरे हुते." त्याने हॉर्न वाजवला. "आमचं गाव लई जुनं हाय. आमच्या बाजाराला सोलापूरची मान्सं यायची. मग कोण कुणात मिळालं, तुमीच सांगा."

मी वहीत लिहिलं, करकंब. वर होटगी होतीच. सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा नंदाच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जुळे सोलापूरचंही नाव दिलं होतं. चादरीच्या दुकानात मालक म्हणाले होते, "सोलवां? अपने नाना का गाँव, चाचा, लिख लो," आणि गावाचं नाव सांगण्याआधी दुसरं गिऱ्हाईक आलं. तेही लिहून घेतलं. 'दुकानदाराच्या आजोबांचं गाव.'

सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे, म्हणजे डोंगरावर नाही, सपाटीवरच. आम्ही डोंगरी लोक किल्ला म्हटलं की धाप लागण्याची तयारी करतो. इथे सरळ चालत आत जाता येतं, त्यामुळे शत्रूची मला जरा कणव आली. पण खंदक पाहिला, दुहेरी तट पाहिला, मोठे दरवाजे पाहिले, आणि कणव परत घेतली. एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं आहे. काळ्या दगडाच्या भिंतीवर पाण्याचा उजेड हलत होता. सुवर्णा लहानपणी इथे डबा घेऊन यायची, बुरजाच्या सावलीला बसून चिंचा खायची. मी ती सावली शोधली, पण सावल्या दुपारपर्यंत सगळ्याच जागा बदलतात.

तिथे एक निवृत्त शिक्षक भेटले. गळ्यात चष्म्याची दोरी, हातात छत्री. येणाऱ्याला इतिहास सांगण्याचं व्रत त्यांनी घेतलं होतं. "तज्ज्ञांचं असं मत आहे," असं म्हणून ते छत्री स्वतःच्या छातीकडे वळवायचे.

"कुठून आलात?"

"कोकणातून. देवरूख."

"मग हा बुरूज नीट बघा. हा बांधणारा कारागीर कोकणातला."

मी खरोखर हललो. वही काढली. तेवढ्यात लातूरकडचं एक कुटुंब आलं. सरांनी त्यांनाही विचारलं, कुठून आलात. मग तोच बुरूज लातूरच्या कारागिराने बांधला. मी वही ठेवून दिली. काही का असेना, अतिथीला बुरूज देऊ करण्याचा हा पाहुणचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्याकडे कोकम सरबत देतात.

मग सरांनी छत्री एका दुसऱ्या बुरजाकडे वळवली आणि आवाज खाली आणला. हा बुरूज म्हणे दिवसा बांधायचे आणि रात्री ढासळायचा. शेवटी सांगणं आलं की एका सुनेला जिवंत बुरजाच्या पायात घाला, मग उभा राहील. घातली. राहिला.

"ती आमच्याच घराण्यातली," सर अभिमानाने म्हणाले. "आजही आमच्या घराला त्या बुरजाचा मान आहे."

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

सर थबकले. त्यांनी चष्मा लावला, जणू नाव बुरजावर लिहिलेलं असेल. "नाव... सून होती," ते म्हणाले.

अशा कथा मी बऱ्याच गावांच्या वाचल्या आहेत. भिंतीला नेहमी सूनच लागते, जावई कधी लागत नाही. जावयाला भिंत फक्त दारात अडवते, तेही गंमत म्हणून, आणि तेवढ्यावर तो व्याख्यान देतो. पस्तीस वर्षांपूर्वी सुवर्णा या गावातून उठून माझ्या पावसाळी, शेवाळलेल्या, नारळ घातलेल्या गावात आली आणि घराच्या पायात बसली. घर उभं राहिलं. तिच्या घराण्याला त्याचा काय मान मिळाला, ते मी त्या सावलीत आठवत बसलो. फार वेळ लागला नाही. आठवण्यासारखं थोडंच होतं.

सरांनी जाताना विचारलं, "तुम्ही काय शोधायलालाव?"

"सोळावं गाव."

"हात्तिच्या! आमचंच की ते," सर म्हणाले.

तळ्याकाठी

तिसऱ्या दिवशी सकाळी मल्लिनाथराव माझ्याबरोबर सिद्धेश्वराच्या देवळात आले. देऊळ तळ्याच्या पाण्यात आहे, वाटेने चालत जायचं, दोन्ही बाजूंना पाणी. ज्या सिद्धरामांच्या नावाने हे सगळं उभं आहे, त्यांची कथा इथे प्रत्येकाला पाठ असते. एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलं. ते योगी. त्यांनी सांगितलं, माझ्याशी नको, माझ्या योगदंडाशी कर. तिने केलं. अजून दर संक्रांतीला उंच नंदीध्वज निघतात, हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत येतात आणि त्या लग्नाच्या अक्षता टाकतात. सुवर्णाने मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी लग्नविधींच्या इतिहासाबद्दल काहीतरी बोललो होतो. ती म्हणाली होती, "त्या पोरीचं बरं झालं. काठी निदान उलट उत्तर देत न्हाई."

मल्लिनाथराव दर्शनाच्या रांगेत गेले. मी फुलं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंपाशी थांबलो. त्यांना सगळे गंगव्वा म्हणत होते. कन्नड आणि मराठी त्या एकाच हाराच्या दोऱ्यात ओवायच्या. मी हार घेतला आणि विचारलं, "आजी, सोळा गावं कुठली हो सोलापूरची?"

"सोळा?" त्या हसल्या. तोंडात दात थोडे होते, त्यामुळे हसू मोठं दिसलं. "यप्पा, सोळा म्हंजे हदिनारू. त्यात सोलापूर कुठं ऐकू येतंय? ह्ये तर सोन्नलगी. सोन्ने, सोन्ने."

"सोन्ने म्हणजे?"

त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं. "काई न्हाई. पूज्य."

कन्नडमध्ये सोन्ने म्हणजे शून्य. मी फूटपाथवर उभाच राहिलो. सोळा गावांचं शहर म्हणून ज्याचा डंका, त्याच्या जुन्या नावात शून्य ऐकू येतं! व्युत्पत्ती म्हणून हे टिकेल असं नाही, पण विनोद म्हणून पक्कं होतं. सोळावं गाव नव्हतं, पंधरावं नव्हतं, पहिलंही नव्हतं. चौतीस वर्षांच्या वादातला हा शेवटचा पुरावा. मी इतका खूश झालो की झपाझपा चार पावलं चाललो. पाचव्या पावलाला लक्षात आलं की हे जिला जाऊन सांगायचं, ती नाही.

हार हातात धरून मी तळ्याच्या कठड्यावर बसलो. वाद जिंकल्यावर इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं.

मल्लिनाथराव कपाळाला विभूती लावून आले. शेजारी बसले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय ओ दाजी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वही दाखवली. होटगी, करकंब, जुळे सोलापूर, दुकानदाराच्या आजोबांचं गाव, छत्रीवाल्या सरांचं गाव, आणि शेवटी शून्य. ते वाचता वाचता हसू लागले.

"दाजी, तुमी ह्ये खरंच शोधायलालाव?"

"म्हणजे?"

"ओ, मला दारात धरलं तवा मी होटगी म्हणलो. का म्हणलो? माझं गाव हाय म्हणून. माझ्या आधी नंदाच्या थोरल्या आत्याचे मालक, त्यांनी मंगळवेढं म्हणलं. आत घेतलं. धाकट्या आत्याचे बार्शी म्हणले. आत घेतलं." त्यांनी वही बंद करून माझ्या मांडीवर ठेवली. "सासूबाई पंधराच का म्हणायच्या, वाटलं तुमाला? इसरल्या व्हत्या? सोळावी जागा जावयाच्या गावाला असती. आपली पोरगी जिथं नांदायला चालली, त्ये बी सोलापुरातच धरायचं. मग पोर लांब गेली असं वाटत न्हाई. एवढंच हाय त्ये. इतिहास कुठं हाय त्यात?"

तळ्यात कोणीतरी पीठ टाकलं असावं. मासे वर आले आणि पाणी तोंडांनी भरून गेलं.

"मला कोणी सांगितलं कसं नाही?" मी विचारलं.

"कोण सांगंल? तुमी पहिल्याच दिवशी सांगितलं की, गावं नव्हतीच." ते थोडं थांबले. सिग्नल मिळाल्यावर म्हणाले, "ताई म्हणायच्या नंदाला, नको सांगू. एक दिस आपसूक म्हणतील."

सोळाव्या जागी मला फक्त माझ्या गावाचं नाव घ्यायचं होतं. एक शब्द. वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर मी त्याचा शिक्का मारत होतो.

हार मी देवाला वाहिला नाही. गंगव्वांना विचारून तो तळ्याच्या पाण्यात सोडला. त्या म्हणाल्या, "कोणासाठी?" मी सांगितलं. त्यांनी नाव विचारलं. मी म्हणालो, "सुवर्णा." सून म्हणालो नाही.

पुन्हा दाराशी

आम्ही परतलो तेव्हा दुपार झाली होती. जिन्यातच लसणाच्या फोडणीचा वास येत होता. दार उघडं होतं. मल्लिनाथराव चप्पल काढून आत गेले. मी बाहेरच राहिलो आणि बेल वाजवली.

नंदा हातात झारा घेऊन आली. "दार उघडंच हाय की, दाजी."

"लाव ते," मी म्हणालो. "आणि विचार."

तिला कळलं. तिच्या तोंडावरचा ताण वर्षभराचा असावा, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. "मला वाटलं," ती म्हणाली, "आता कशाला छळायचं माणसाला. तुमाला आवडायचं न्हाई बी. ताई होती तवा चालायचं."

"विचार, नंदा."

तिने झारा मल्लिनाथरावांकडे दिला. पदर खोचला. मग हात आडवा धरला, चौकटीला तळवा टेकून, तसाच, त्याच उंचीवर. पंधरा नावं तिने आईच्या चालीवर म्हटली. मधे दोनदा ती उगाच खोकली. पंधरावं झालं आणि ती थांबली.

"सोळावं कुठलं?"

"देवरूख," मी म्हणालो.

आत कढईत काहीतरी चरचरत होतं. तिने हात काढला नाही.

आतून मल्लिनाथराव झारा हातात घेऊन म्हणाले, "पण देवरूख तर कोकणात हाय की ओ! घाटाच्या खाली! त्ये सोलापुरात कसं बसंल?"

"गप बसा हो," नंदा मागे न बघता म्हणाली. "होटगी तरी कुठं बसत होती?"

आणि तिने हात बाजूला केला. मी तरीही वाकूनच आत गेलो. चहा कान तुटलेल्या कपातून आला.